हलालच्या शिक्क्यामागे

ऑडिटवाल्याकडे दोन प्रकारच्या गोष्टी असतात. एक, रिपोर्टात लिहिलेल्या. दुसऱ्या, रिपोर्टातून काढायला लावलेल्या. पहिल्या कुणी वाचत नाही. दुसऱ्या पोटात साठत जातात, आणि मग गुरुवार संध्याकाळ आली की बाहेर पडतात.

गुरुवारी रियाधचा आठवडा संपतो. आमच्या घरी कोकणातली दोन-तीन कुटुंबं जमतात, चहा होतो, बोंबील तळले जातात, आणि कुणीतरी हटकून विचारतं, "नसीमा, या आठवड्यात काय झालं तुमच्या हलाल कंपनीत?"

मी मूळची दाभोळची. सी.ए. मुंबईत केलं, नवऱ्याच्या नोकरीमागे रियाधला आले आणि इथल्या एका फायनान्स कंपनीच्या शरिया ऑडिट विभागात चिकटले. काम सांगायला सोपं आहे. आमच्यात व्याज हराम. म्हणून कंपनी तुम्हाला कर्ज देत नाही. तुम्हाला हवी असलेली वस्तू ती आधी स्वतः विकत घेते, आणि मग नफा लावून तुम्हाला हप्त्यानं विकते. हा व्यापार झाला, आणि व्यापार धर्माला मान्य आहे. अट एकच, व्यापार खरा पाहिजे. तो खरा झाला की नुसता कागदावर झाला, ते बघायचं काम आमच्या विभागाचं.

विभाग म्हणजे तीन माणसं. साहेब अबू नासिर, जातीचा सज्जन आणि कायम थकलेला सौदी माणूस. दुसरे मुकादमभाई, श्रीवर्धनचे, माझ्यापेक्षा वयानं आणि नोकरीनं मोठे. तिसरी मी.

*

माझा पहिला दिवस. मोठ्या हॉलमध्ये मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर आमची ओळख करून दिली. "शरिया ऑडिट म्हणजे आपल्या कंपनीचा कॉन्शन्स!" कडकडून टाळ्या पडल्या. माझ्या तर अंगावर काटा आला.

मग एक जण मला माझी जागा दाखवायला घेऊन निघाला. खिडक्यांचा हॉल संपला. पँट्री गेली. झेरॉक्सच्या कागदांचं गोदाम गेलं. त्याच्या पलीकडे एक खोली होती, तिला खिडकीच नव्हती. आत मुकादमभाई माझ्या टेबलावरचे खोके उचलून कोपऱ्यात रचत होते.

"ये गो, ये," ते म्हणाले. "कॉन्शन्स इथे ठेवतात. तिकडे ऊन लागतं ना!"

*

रियाधच्या मलाझ भागातल्या एका शोरूमची गोष्ट. तीन गिऱ्हाइकांना आम्ही तीन गाड्या विकणार होतो. नियम असा की विकण्याआधी गाडी कंपनीच्या मालकीची आणि ताब्यात पाहिजे. जी वस्तू आपली नाही ती विकायची कशी? म्हणून मुकादमभाई आणि मी गाड्या डोळ्यांनी बघायला गेलो.

यार्डातल्या माणसानं पहिली गाडी दाखवली. पांढरी, मोठी, झकास. बॉनेटवर कबुतरानं घाण केली होती, तेवढंच. मी चॅसी नंबर बघायला वाकले तर तो धावत आला. "मॅडम, पत्रा तापलाय, हात भाजेल! मीच वाचतो." आणि खिशातल्या चिठ्ठीवरून नंबर वाचून दाखवला.

"दुसरी गाडी?"

"मागच्या यार्डात आहे. तुम्ही आत एसीत बसा, गहवा घ्या. आणतो."

आम्ही गहवा, म्हणजे इथली वेलची घातलेली कॉफी, घेतला. बाहेर आलो. दुसरी गाडी उभी होती. पांढरी, मोठी, झकास. बॉनेटवर कबुतराची घाण, त्याच जागी.

परत गहवा. परत बाहेर. तिसरी गाडी. आता मात्र त्या माणसानं बॉनेटवर हात ठेवला होता. पण हाताच्या दोन्ही बाजूंनी कबुतर दिसत होतं!

मुकादमभाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि गंभीरपणे म्हणाले, "नसीमा, गाडी दमदार आहे. अजून विकलीही नाही, तरी किती पळतेय बघ!"

मी परत येऊन सगळं लिहून काढलं. विक्री विभागाचा प्रमुख वलीद तावातावानं आमच्या खोलीत आला. "गाडी होती ना? मग झालं तर!" तो गेल्यावर अबू नासिरनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, ते म्हणाले, "नसीमा, राइट इट सॉफ्टली."

मी सॉफ्टली लिहिलं. ते वरून आणखी सॉफ्ट होऊन आलं. शेवटच्या रिपोर्टात एवढंच उरलं होतं: "पाहणीत वाहनांच्या रंगात साधर्म्य आढळले."

*

दरवर्षी सगळ्या स्टाफला शरियाची ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते. प्रश्न मी काढते. एका वर्षी एक प्रश्न होता, "सौद्यातली माहिती गिऱ्हाइकापासून लपवणं चालतं का?"

वलीदचा अख्खा विभाग पैकीच्या पैकी गुण घेऊन पास! प्रश्न वाचायला लागतो तेवढाही वेळ कुणी घेतला नव्हता. नंतर कळलं की विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तरं आदल्या दिवशीच फिरली होती.

मी एच.आर.कडे गेले. तिथली पोरगी गोड हसून म्हणाली, "पण मॅडम, लपवणं चालत नाही, हे तर सगळ्यांनी बरोबर लिहिलंय ना?"

*

वस्तू घ्यायची नाही, नुसती रोख रक्कम हवी असेल तर? त्याचीही सोय आहे. परदेशातल्या कुठल्याशा गोदामातला धातू आमची कंपनी विकत घेते, तुम्हाला हप्त्यानं विकते, आणि तुमच्या वतीनं लगोलग तिसऱ्याला रोखीत विकून टाकते. रक्कम तुमच्या खात्यात. सगळं मोबाइलवर, उभ्या उभ्या. धातू कुणी पाहिलेला नसतो. वेगवेगळ्या उलेमांची, म्हणजे धर्मपंडितांची, यावर वेगवेगळी मतं आहेत. आमच्या कंपनीचं मत मात्र एकच होतं, की हे खपतं फार!

हुफूफचा एक बागाईतदार. खजुराच्या मोठ्या बागा, पांढरी दाढी, खणखणीत आवाज. त्याला नवीन पंप बसवायला रोख हवी होती. त्याच्या मोबाइलवर मेसेज गेला, "अभिनंदन! आपण आता इतक्या कथिलाचे मालक आहात. विकायचे की ताब्यात घ्यायचे?" दुसरं बटण नियमासाठी ठेवलेलं. ते आजवर कुणी दाबलं नव्हतं.

यानं दाबलं.

एके सकाळी तो पिकअप घेऊन ऑफिसच्या दारात हजर! बरोबर दोन चुलतभाऊ, दोरखंड, ताडपत्री. "माझं कथील कुठे आहे?"

वलीद खाली धावला. "अम्मी, ते परदेशात गोदामात आहे." इथे वडीलधाऱ्या माणसाला अम्मी म्हणतात, म्हणजे काका.

"मग आणा. मी थांबतो."

आणि तो खरंच थांबला. रिसेप्शनमध्ये बसून त्यानं थर्मास उघडला, सिक्युरिटीवाल्यांना गहवा पाजला, येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस केली. वरच्या मजल्यावर लोक हसून हसून लोटपोट. कुणी काचेतून फोटो काढत होतं. शेवटी अबू नासिर खाली गेले, मागोमाग आम्ही दोघं.

"अम्मी, कथील घेऊन काय करणार तुम्ही?"

"आधी बघणार," तो म्हणाला. "न बघता मी बकरीसुद्धा घेत नाही."

दुपारपर्यंत वलीदनं सिस्टिममधला घोटाळा सांगून सौदाच रद्द केला. म्हातारा भांडला नाही, ओरडला नाही. दोरखंड गुंडाळून पिकअपमध्ये टाकला. जाताना खजुरांची एक पेटी आमच्या हातात ठेवली. "माझ्या बागेतला आहे. खाऊन बघा, मग सांगा."

हुफूफच्या त्या नामांकित खजुराचं नावच मुळी खलास. मुकादमभाईंनी एक तोंडात टाकला, पेटीवरचं नाव वाचलं आणि म्हणाले, "माल खरा आहे. आपला धंदा मात्र याच्या नावासारखा."

पंधरवड्यात मोबाइलवरचं ते 'ताब्यात घ्यायचे' बटण गायब झालं. शोधलं तर तीन पानं आत, बारीक अक्षरात सापडलं. असं का केलं म्हणून मी लेखी विचारलं. लेखी उत्तर आलं, "युजर एक्सपीरियन्स सुधारण्यासाठी."

*

माझी मुलगी आयरा इथल्या इंडियन स्कूलमध्ये जाते. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. वर्गात टीचरनं विचारलं, तुमची आई काय करते? कुणाची नर्स, कुणाची टीचर.

आयरा उभी राहिली. "माय मदर चेक्स इफ द बँक इज लाइंग टू अल्लाह!"

टीचरनं मला बोलावून घेतलं. बाईंचा चेहरा उतरला होता. "मॅडम, मुलांना घरी नीट समजावून सांगत जा."

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो टीव्हीवरची नजर न हटवता म्हणाला, "समजावलंय की नीट!"

*

हप्ता चुकला तर दंड लागतो. पण तो दंड कंपनीला खाता येत नाही, ते व्याजच झालं. म्हणून तो सगळा दानात जातो. उद्देश चांगला आहे, आणि नियमही चांगला. रमजानमध्ये त्या रकमेतून शिध्याची खोकी वाटतात. तांदूळ, साखर, तेल, डाळ. खोकं ज्याच्या गरजेचं आहे त्याच्याच हातात पडतं का, ते बघायला मुकादमभाई आणि मी अल खर्जला गेलो.

तिकडे डेअऱ्या आहेत, कारखाने आहेत, मजुरांच्या वस्त्या आहेत. कंपनीनं मांडव घातला होता. मार्केटिंगवाल्यांनी खोक्यांवर कंपनीचा बोधचिन्हवाला कागद एवढा मोठा चिकटवला होता की आत काय आहे ते दिसत नव्हतं. प्रत्येक माणसाला खोकं छातीशी धरून कॅमेऱ्याकडे बघायला सांगत होते.

रांगेत एक हैदराबादचा माणूस होता. पूर्वी स्वतःच्या गाडीतून डेअरीचं दूध पोचवायचा. बोधचिन्ह बघून तो जागीच थांबला. मग हसला.

"क्या हुआ, भाई?" मुकादमभाईंनी विचारलं.

"कुछ नहीं साब. इसी कंपनी से गाडी ली थी. बीमार पडा, किस्त चूक गई. जुर्माना भरता रहा, फिर गाडी भी गई." त्यानं खोकं हातात घेऊन वजन पाहिलं. "ये चावल तो मेरा ही है. ठीक से भरा है ना?"

फोटोग्राफर ओरडला, "स्माइल!"

तो हसतच होता. तो फोटो त्या वर्षीच्या कंपनीच्या वार्षिक पुस्तकात पहिल्या पानावर आला.

*

कंपनीची कुठलीही नवी योजना आधी शरिया मंडळापुढे जाते. उलेमांचं मंडळ. त्यांनी होकार दिला तरच ती बाजारात येते. आमच्या मंडळात एक वयोवृद्ध शेख होते. काठी टेकत यायचे, मला "या बिंती" म्हणजे पोरी म्हणून हाक मारायचे, आणि आमचा रिपोर्ट खरंच शेवटपर्यंत वाचायचे. सगळ्या इमारतीत असा माणूस तो एकच.

वलीदनं एक योजना आणली. शेखनी ऐकली. "हे व्याजच आहे. त्याला कपडे घातलेत. नको."

काही महिन्यांनी वलीद नवीन नाव, नवीन रंग, नवीन स्लाइड्स घेऊन आला. शेखनी पहिली स्लाइड बघितली. "बेटा, मी म्हातारा झालोय. विसराळू नाही."

तिसऱ्यांदा वलीदला शेखसमोर यावंच लागलं नाही. शेखची मुदत संपली होती, ती वाढवली गेली नाही. 'नव्या पिढीला संधी', असं पत्रकात छापलं.

निरोप समारंभ मात्र थाटात झाला. वलीदनंच भाषण केलं. "शेख आम्हाला वडिलांसारखे!" रुमालानं डोळेही टिपले. मग शेखच्या हातात एक चकचकीत मोठं ताट दिलं, त्यावर त्यांचं नाव कोरलेलं.

शेखनी ते डोळ्यांजवळ नेलं. उलटं करून पाहिलं. नखानं जरासं खरवडलं.

"चांदी आहे?"

वलीद ओशाळला. "नाही, शेख. पॉलिश आहे."

"बरोबर आहे," शेख म्हणाले, आणि काठी घेऊन निघाले.

ती योजना आता कंपनीची सगळ्यात जास्त खपणारी योजना आहे.

*

आता मुकादमभाईंचं सांगते.

आमच्याकडे गाडी भाड्यानंही मिळते. गाडी कंपनीची, वापरणार तुम्ही, भरणार भाडं. यातला नियम लहान मुलालाही कळेल असा आहे: वस्तूच नष्ट झाली तर भाडं बंद. एका पावसात वादीला, म्हणजे एरवी कोरड्या असलेल्या ओढ्याला, पूर आला आणि एका गिऱ्हाइकाची गाडी वाहून गेली. माणूस जेमतेम वाचला. कंपनीनं मात्र विम्याचा निकाल लागेपर्यंत महिन्याच्या महिन्याला त्याचं भाडं कापणं चालूच ठेवलं. मुकादमभाईंनी चौकशी केली तर असा तो एकटाच नव्हता. त्यांनी रिपोर्टात लिहिलं, "घेतलेले भाडे परत करावे."

त्यावर आमच्या खोलीत वलीद आला नाही. अबू नासिर आले, आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"मुकादम, एकच शब्द बदल. 'परत करावे' ऐवजी 'परत करण्याचा विचार करावा' लिही."

"अबू नासिर, गाडी पाण्यात गेली. भाडं कशाचं घेतलं?"

"मला कळतंय."

"मग तुम्ही बदला. सही तुमची करा."

अबू नासिरनी माझ्या टेबलावरचा स्टेपलर उचलून सरळ ठेवला. मग म्हणाले, "माझी चार मुलं आहेत."

"माझा एक आहे," मुकादमभाई म्हणाले. "बारावीला."

शब्द बदलला नाही. मग विभागाची फेररचना झाली, आणि तीन माणसांच्या विभागात एक माणूस जास्त निघाला. मुकादमभाईंचा करार वाढवला नाही. इथे नोकरी गेली की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, जातो, इकामा गेला की घर, शाळा, सगळंच जातं. पोराची परीक्षा तोंडावर. त्यांच्या बायकोनं, रुखसानाभाभींनी, भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली. मी मदतीला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "एक शब्द होता गो नसीमा. एकच शब्द!" आणि ताट गुंडाळता गुंडाळता रडायला लागल्या. मुकादमभाई बाहेरच्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं असणार. आत आले नाहीत.

देश सोडायची मुदत संपत आली होती. एवढ्यात दुसऱ्या एका कंपनीतून बोलावणं आलं. तसंच काम, पगारही बरा. पहिली मुलाखत चांगली झाली. दुसरीला त्यांनी जुन्या साहेबांचा नंबर मागून घेतला. मुकादमभाईंनी अबू नासिरचा दिला. म्हटलं, हा माणूस काय बोलेल आता, अल्लाह जाणे.

त्या गुरुवारी मुकादमभाई आणि भाभी आमच्याकडे आले. मी चहा टाकायच्या आतच विचारलं, "काय झालं? अबू नासिर काय बोलला?"

"फार चांगलं बोलला," मुकादमभाई म्हणाले. "मुलाखत घेणारा पोरगा सौदी होता, अदबीचा. अबू नासिर फोनवर बोलले ते त्यानं लिहून घेतलं होतं, मला परत बोलावून वाचून दाखवलं. 'आयुष्यात इतका प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही. कुणीही सांगितलं तरी हा रिपोर्टातला एक शब्द बदलणार नाही.'"

"मग!" माझ्या नवऱ्यानं टाळी वाजवली. "आणखी काय पाहिजे?"

"मग त्यानं पेन खाली ठेवलं. दाराकडे बघितलं. हळूच मला विचारलं, 'हे खरं आहे का? म्हणजे आमच्याही रिपोर्टातला?'"

रुखसानाभाभी नवऱ्याकडे बघत होत्या. म्हणजे हे त्यांनाही घरी सांगितलेलं नव्हतं.

"तुम्ही काय म्हणालात?" त्यांनी विचारलं.

मुकादमभाईंनी बशीतला बोंबील उचलला, परत ठेवला.

"हो म्हटलं."